मेजाचे रूपक : आरंभीच्या ग्राफिकल संगणकांच्या इतिहासकथनाची समीक्षा

प्रास्ताविक

वैयक्तिक संगणकाच्या इतिहासात एक कथा वारंवार सांगितली जाते. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पार्क या संशोधन केंद्रात माऊस, विंडो आणि चित्रखुणा यांवर चालणारा संगणक तयार झाला. १९७९ च्या डिसेंबरमध्ये ॲपल कंपनीच्या मंडळींनी तो पाहिला. त्यातून १९८३ मध्ये लिसा आणि १९८४ मध्ये मॅकिंटॉश निघाले. पुढे मायक्रोसॉफ्टने तेच विंडोज या नावाने विकले. एकाच्या घरातून दुसऱ्याने उचलले आणि दुसऱ्याच्या घरातून तिसऱ्याने, असे या कथेचे सूत्र आहे. पाठ्यपुस्तके, चरित्रे आणि चित्रपट या सर्वांना ती आवडते, कारण तीत नायक आहे, खलनायक आहे आणि आपल्या हाती काय आहे हे न कळलेला एक श्रीमंत वेडा धनीही आहे.

तपशिलाच्या पातळीवरही ही कथा पूर्णपणे टिकत नाही. ॲपलची भेट चोरून झालेली नव्हती. ॲपलचे समभाग सार्वजनिक विक्रीस येण्यापूर्वी झेरॉक्सला सुमारे दहा लाख डॉलरचे समभाग घेण्याची संधी मिळाली होती आणि पार्कची दारे त्या व्यवहारात उघडली गेली. शिवाय मॅकिंटॉश प्रकल्पाचा आरंभ जेफ रस्किन यांनी १९७९ मध्येच, त्या प्रसिद्ध भेटीपूर्वी केला होता. तथापि प्रस्तुत लेखाचा आक्षेप तपशिलापेक्षा दृष्टीवर आहे. चोरीच्या कथेत इंटरफेस ही वस्तू ठरते. वस्तू कोणाची, एवढाच प्रश्न मग उरतो. तिचा अर्थ काय, तिने कोणते जग गृहीत धरले आणि कोणते वगळले, हे प्रश्न उपस्थितच होत नाहीत. संगणकाचा पडदा ही एक रचना आहे, ती वाचली जाते, आणि तिच्या केंद्रस्थानी एक अलंकार आहे. अलंकाराची चिकित्सा हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे. ते त्याने केवळ संगणकशास्त्र विभागावर सोपवू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मेजापूर्वीचा पडदा

डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत सुमारे ९० मिनिटांचे जे प्रात्यक्षिक दाखविले, त्यात माऊस होता, पडद्यावरील मजकुराची जुळवाजुळव होती, एका मजकुरातून दुसऱ्या मजकुराकडे नेणारे दुवे होते, दूर अंतरावरील सहकाऱ्याशी एकाच पडद्यावर काम करणे होते. मेज मात्र नव्हते. कागद, फोल्डर, टोपली यांपैकी काहीही नव्हते. एंगेलबार्ट यांना माणसाची बुद्धी वाढविणारे साधन हवे होते आणि त्या साधनाचा अभ्यास करावा लागला तर तो माणसाने करावा, असे त्यांचे मत होते. एखादे वाद्य जसे शिकावे लागते तसेच हे, असे आपण म्हणू शकतो. ओळखीच्या वस्तूचा आधार देऊन नवशिक्याची भीती घालवावी, हा विचार तेथे प्रधान नव्हता.

पार्क केंद्राची स्थापना १९७० ची. तेथे १९७३ मध्ये आल्टो हा संगणक कार्यान्वित झाला. चक थॅकर आणि बटलर लॅम्पसन यांची नावे त्याच्याशी निगडित आहेत. आल्टोचा पडदा उभा होता, लिहिण्याच्या कागदासारखा. रुंदीला ६०६ आणि उंचीला ८०८ बिंदू. पडद्यावरील प्रत्येक बिंदूसाठी संगणकाच्या स्मृतीत एक स्वतंत्र नोंद ठेवलेली असे. ही बाब किरकोळ वाटते, परंतु सारा पुढचा इतिहास तिच्यावर उभा आहे. त्यापूर्वीचे बहुतेक पडदे ठरावीक चौकटींत ठरावीक अक्षरे बसवीत. आल्टोला अक्षर आणि चित्र यांत भेद नव्हता. दोन्ही बिंदूंचीच आकृती. स्मृती महाग असण्याच्या त्या काळात तिचा मोठा भाग केवळ पडद्यासाठी खर्च करणे ही चैन होती, आणि ती चैन करण्याचा निर्णय हाच पार्कचा खरा धाडसी निर्णय होय.

याच यंत्रावर ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग आदींनी स्मॉलटॉक ही प्रणाली विकसित केली. एकमेकींवर आलेल्या विंडो तेथे प्रथम नीट दिसतात. ॲलन के यांच्या डोळ्यांसमोर कार्यालय नव्हते, मूल होते. १९७२ मध्ये त्यांनी मांडलेली डायनाबुकची कल्पना सर्व वयांच्या मुलांसाठीच्या संगणकाची होती. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी जाणण्याच्या तीन रीती सांगितल्या : कृतीतून, चित्रातून आणि प्रतीकातून. के यांनी त्या तिन्ही एकत्र गुंफल्या. माऊस ही कृती, पडद्यावरील आकृती हे चित्र, आणि स्मॉलटॉकची भाषा हे प्रतीक. कृती आणि चित्र यांचा हात धरून मुलाने अखेर प्रतीकापर्यंत, म्हणजे स्वतः आज्ञावली लिहिण्यापर्यंत पोहोचावे, अशी ही योजना होती. यांतील तिसरी पायरी पुढे कशी गळाली, हे पुढे पाहू.

सांगरूपकाची उभारणी

मेज आले ते प्रकाशनव्यवसायातून आणि कार्यालयातून. झेरॉक्सच्या मालकीची जिन ही पाठ्यपुस्तक प्रकाशनसंस्था मॅसॅच्युसेट्समध्ये होती. तिच्या संपादकांसाठी लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७५ च्या सुमारास जिप्सी ही मजकूर-संपादनाची प्रणाली रचली. संपादक प्रत्यक्षात काय करतात याचे निरीक्षण त्यामागे होते. ते कात्रीने मजकूर कापीत आणि दुसरीकडे चिकटवीत. आज जगातील प्रत्येक संगणकावर असलेल्या ‘कट’ आणि ‘पेस्ट’ या आज्ञांचे मूळ त्या कात्रीत आणि त्या गोंदात आहे. येथे रूपक वरून लादलेले नाही. ते कामकऱ्याच्या हातातून आलेले आहे. या साऱ्या इतिहासातील हे सर्वांत निर्दोष रूपक होय, असे आमचे मत आहे.

२७ एप्रिल १९८१ रोजी झेरॉक्सने स्टार ८०१० बाजारात आणला. एका यंत्राची किंमत १६,५९५ डॉलर होती. त्याच्या रचनाकारांपैकी डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ आदी पाच जणांनी एप्रिल १९८२ च्या ‘बाइट’ मासिकात आपल्या रचनेमागील विचार सविस्तर मांडला आहे. संगणकाच्या पडद्याला ‘आयकॉन’ हा शब्द याच स्मिथ यांनी १९७५ च्या आपल्या प्रबंधातून दिला. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, यंत्र बनविण्यापूर्वी वापरणाऱ्याच्या मनातील प्रतिमा ठरवावी. आणि ती प्रतिमा त्यांनी कार्यालयाची ठरविली. कागद, फोल्डर, कपाट, टपालाची पेटी हे सर्व पडद्यावर आले.

आपल्या अलंकारशास्त्राच्या परिभाषेत हे सांगरूपक आहे. मम्मटाने उपमान आणि उपमेय यांचा अभेद हे रूपकाचे लक्षण मानले. मुख्य आरोपाबरोबर त्याच्या अंगांवरही आरोप केला जातो तेव्हा ते सांगरूपक होते. पडदा हे मेज, म्हणून मजकूर हा कागद, म्हणून मजकुरांचा समूह हा फोल्डर, म्हणून संदेश हे टपाल. स्टारमध्ये हा आरोप विलक्षण निष्ठेने पाळलेला आहे. तेथे ‘प्रोग्राम’ नावाची वस्तू दिसतच नाही, कारण मेजावर कागद असतात, प्रोग्राम नसतात. कागद उघडला की तो वाचण्या-लिहिण्याचे साधन आपोआप उपस्थित होते. नवा कागद हवा तर कोऱ्या कागदाची प्रत काढायची. हलविणे, प्रत काढणे, पुसणे अशा मोजक्या आज्ञांसाठी कळफलकावर स्वतंत्र कळी होत्या आणि त्याच कळी मजकुरालाही चालत, चित्रालाही चालत, पत्रालाही चालत. लिसामध्येही ही निष्ठा काही अंशी टिकली : तेथे कोऱ्या कागदांचा गठ्ठा असे आणि त्यातून एक पान ‘फाडून’ घ्यावे लागे.

स्टार विकला गेला नाही याची कारणे सर्वज्ञात आहेत : किंमत, मंद गती, आणि बाहेरच्या कोणास त्यासाठी आज्ञावली लिहिता न येणे. परंतु यांतील शेवटचे कारण केवळ व्यापारी नाही. ते रूपकाच्या निष्ठेशी सुसंगतही आहे. ज्या मेजावर प्रोग्राम दिसतच नाही, त्या मेजावर नवा प्रोग्राम कोण कोठे ठेवणार?

कमळाने पाहणे

२४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंटॉश आला. किंमत २,४९५ डॉलर, स्मृती १२८ किलोबाइट, पडदा ५१२ गुणिले ३४२ बिंदूंचा. सुमारे दहा हजार डॉलर किमतीच्या लिसाच्या तुलनेत ही काटकसर होती. बिल ॲटकिन्सन यांची क्विकड्रॉ ही चित्रण-आज्ञावली आणि सुसान केअर यांच्या चित्रखुणा यांनी त्या काटकसरीला रूप दिले. ॲटकिन्सन यांच्याविषयीची एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे, कारण चोरीच्या कथेला ती परस्पर उत्तर देते. पार्कमध्ये झाकल्या गेलेल्या विंडोचा उघडा भागही आपोआप रंगविला जातो, असे त्यांना पाहिल्यासारखे वाटले. म्हणून त्यांनी ते साधण्याची रीत स्वतः शोधून काढली. प्रत्यक्षात पार्कच्या प्रणालीत ते नव्हतेच. चुकीच्या वाचनातून नवी निर्मिती झाल्याची उदाहरणे साहित्याला अपरिचित नाहीत.

मॅकिंटॉशमध्ये मात्र सांगरूपक उसवले. प्रोग्राम पुन्हा दिसू लागले, कागदांच्या शेजारी, त्यांच्याच आकाराच्या चित्रांत. आणि एक दोष असा झाला की तो पुढे अनेक वर्षे थट्टेचा विषय होता : फ्लॉपी बाहेर काढायची तर तिचे चित्र कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकावे लागे. ज्याने आपला महिन्याभराचा मजकूर त्या फ्लॉपीवर ठेवला आहे त्याच्या हाताला तेव्हा काय वाटले असेल, याची कल्पना करावी. टीकाकार याला रूपकभंग म्हणतात. आम्हास हा निवाडा अर्धवट वाटतो. यंत्राला एकच फ्लॉपी-खाच होती. फ्लॉपी बाहेर काढली तरी तिचे फिकट चित्र पडद्यावर राही, कारण यंत्र तिची आठवण स्मृतीत ठेवून दोन फ्लॉपींमध्ये नक्कल करण्याची सोय करीत असे. डब्यात टाकली जाई ती ही आठवण. यंत्राच्या तर्काने कृती बरोबर होती. दोष असा की पडद्यावर वस्तू आणि तिची आठवण यांचे चित्र एकच होते.

येथे रूपकाऐवजी परिणाम या अलंकाराकडे वळावे लागते. रुय्यक आणि विश्वनाथ यांनी रूपकापासून त्याचा भेद सांगितला आहे. रूपकात उपमान उपमेयाला केवळ रंग देते. परिणामात ते उपमेयाचे रूप घेऊन प्रस्तुत कार्याला उपयोगी पडते. नेत्र हे कमळ म्हटले की रूपक. नेत्रकमळाने पाहिले म्हटले की परिणाम, कारण कमळ पाहू शकत नाही, ते नेत्र होऊनच पाहते. पडद्यावरील डबा हा डबा म्हणून काही पुसू शकत नाही. तो यंत्राची नोंदवही होऊनच पुसतो. म्हणून डब्याशी तो कितपत जुळतो, ही कसोटी येथे अपुरी आहे. ॲलन के यांनी १९९० मध्ये ब्रेंडा लॉरेल यांनी संपादित केलेल्या ग्रंथात ‘रूपक’ या शब्दालाच हरकत घेतली आणि पडद्यावरचा कागद हा जादूचा कागद असावा, खऱ्या कागदाला जे जमत नाही ते त्याला जमावे, अशा आशयाचे प्रतिपादन केले. टेड नेल्सन यांनीही त्याच ग्रंथात मेजाच्या रूपकावर कठोर टीका केली आहे. दोघेही जे मागत होते त्याला आपल्याकडे आठशे-नऊशे वर्षांपूर्वी नाव दिले गेले होते. अर्थात रुय्यकाने संगणकाची पूर्वकल्पना केली होती, असा हास्यास्पद दावा येथे अभिप्रेत नाही. भेद करण्याचे साधन हाताशी आहे, एवढेच.

रूपकाचा अतिरेक कोठे जातो हेही इतिहासाने दाखविले. १९९४ च्या मॅजिक कॅपमध्ये मेजाबाहेर दालन आणि दालनाबाहेर रस्ता होता. १९९५ च्या मायक्रोसॉफ्ट बॉबमध्ये तर संपूर्ण घर होते. दोन्ही टिकले नाहीत. या तुलनेत १९८५ चा अमिगा उल्लेखनीय आहे. त्याने कार्यालयाचे मेज नाकारून कारागिराचा कामाचा बाक घेतला : वर्कबेंच, त्यात खण, खणांत हत्यारे आणि हाती घेतलेली कामे. प्रोग्रामला ‘हत्यार’ म्हणणे हे स्टारच्या मौनापेक्षा आणि मॅकिंटॉशच्या गोंधळापेक्षा अधिक प्रामाणिक होते, असे वाटते.

न्यायालयापुढे अलंकार

मालकीच्या प्रश्नाचा निकाल न्यायालयांनीही दिला आहे. ॲपलच्या दबावामुळे डिजिटल रिसर्च कंपनीला आपल्या जेम या प्रणालीच्या पुढील आवृत्तीतून कचऱ्याचा डबा काढून टाकावा लागला आणि विंडो दोनच, स्थिर ठेवाव्या लागल्या. १७ मार्च १९८८ रोजी ॲपलने मायक्रोसॉफ्ट आणि ह्युलेट-पॅकार्ड यांच्यावर दावा केला. १८९ साम्यस्थळे मांडली गेली. त्यांपैकी १७९ बाबी १९८५ च्या परवान्यातच समाविष्ट असल्याचे ठरले. १९९४ च्या अपील-निर्णयात न्यायालयाने मेजाच्या रूपकाची कल्पना आणि तिची विशिष्ट अभिव्यक्ती यांत भेद केला. कल्पनेवर कोणाचाही हक्क मान्य झाला नाही. झेरॉक्सने १९८९ च्या डिसेंबरमध्ये ॲपलवर केलेला दावा बव्हंशी पुढील मार्चमध्येच फेटाळला गेला. म्हणजे न्यायालयानेही अखेर समीक्षकाचेच काम केले : अलंकार सर्वांचा, त्याची मांडणी ज्याची त्याची.

कोणाचे मेज?

अमेरिकी कार्यालयात फाईल म्हणजे सामान्यतः एक दस्तऐवज वा एका विषयाची कागदपत्रे, ती ठेवण्यासाठी कडेला पट्टी असलेला पुठ्ठ्याचा फोल्डर, आणि तो उभा ठेवण्यासाठी कपाट. मॅकिंटॉशच्या चित्रात ती पट्टीही आहे. महाराष्ट्रातील कार्यालयात फाईल म्हणजेच ते वेष्टन, ज्यात अनेक कागद टॅगने ओवलेले असतात. शासकीय मराठीत ती नस्ती. त्याहून मागे जावे तर कागद रुमालात बांधले जात. पुण्यातील पेशवे दप्तराची मोजणी रुमालांतच होते. मराठी वाचकाच्या दृष्टीने फोल्डरात फाईल हा क्रमच उलटा आहे. उपमान परिचित असावे आणि त्याने अपरिचित उपमेय समजावे, हा अलंकाराचा सामान्य व्यवहार. आपल्याकडे अनेकांनी फोल्डर प्रथम पडद्यावर पाहिला आणि मग दुकानात. उपमेयावरून उपमान शिकविले गेले. एका संगणक-प्रशिक्षण वर्गात प्रस्तुत लेखकाने ‘डेस्कटॉप’ या शब्दाचा अर्थ विचारला असता, प्रशिक्षकाने मेजाखालील धातूच्या पेटीकडे बोट दाखविले होते. त्याचे काही चुकले असे म्हणता येत नाही.

मराठीच्या दृष्टीने आल्टो-स्टार परंपरेतील खरी देणगी मेज नव्हे, बिंदूंचा पडदा होय. ठरावीक चौकटीत एक अक्षर बसविणाऱ्या पडद्याला वेलांटी, रफार आणि जोडाक्षर पेलणे कठीण. आपल्याकडे यावर वेगळा मार्गही काढला गेला : कानपूरच्या आयआयटीत विकसित होऊन १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट कार्ड साध्या पीसीच्या अक्षर-पडद्यावर भारतीय लिप्या उमटवीत असे. दुसरीकडे स्टारवर बहुलिपी मजकुराचे काम करणाऱ्या जो बेकर यांनी जुलै १९८४ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्याविषयी लेख लिहिला आणि १९८८ मध्ये युनिकोडचा पहिला मसुदा तयार केला. ऑक्टोबर १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली, ती १९८८ च्या इस्की या भारतीय मानकाच्या क्रमाने. स्टारची कहाणी अपयशी यंत्राची कहाणी म्हणून संपविणाऱ्यांनी हा धागा क्वचितच उचललेला दिसतो. चोरीच्या कथेत त्याला जागा नाही, कारण ही गोष्ट कोणी चोरली नाही.

गळालेली पायरी

आता के यांच्या तिसऱ्या पायरीकडे. स्टारने कृती आणि चित्र घेतले, प्रतीक सोडले. मॅकिंटॉशने तेच केले : प्रारंभी त्याच्यासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यास बहुधा लिसा घ्यावा लागे. वापरणारा आणि रचणारा यांच्यामधील भिंत याच काळात चित्रांनी झाकली गेली. १९८७ मध्ये ॲटकिन्सन यांनीच हायपरकार्ड आणले, तेव्हा ती भिंत काही काळ खिंडारली. पत्त्यांच्या गड्डीसारखी कार्डे, त्यांवर बटणे, आणि बटणामागे सामान्य इंग्रजीशी जवळीक सांगणारी एक भाषा. शिक्षकांनी, डॉक्टरांनी, हौशी मंडळींनी त्यात आपापली कामे रचली. नव्या मॅकिंटॉशबरोबर ते फुकट मिळे. २००४ मध्ये त्याची विक्री बंद झाली.

आपल्या महाविद्यालयांत संगणक-साक्षरता म्हणून जे शिकविले जाते ते प्रायः कृती आणि चित्र एवढेच आहे : येथे क्लिक करा, तेथे ओढा. कला शाखेच्या विद्यार्थ्यास याहून अधिक नको, असे आपण प्राध्यापक गृहीत धरतो, आणि ते गृहीत १९८१ च्या झेरॉक्सने आपल्या कल्पनेतील कार्यालयीन व्यवस्थापकाविषयी धरलेले गृहीत आहे हे आपल्याला ठाऊक नसते. दरम्यान उपमानही विरले आहे. मोबाइलवर वाढलेला विद्यार्थी स्वाध्याय कोणत्या फोल्डरात ठेवला हे सांगू शकत नाही, कारण त्याच्या पडद्यावर मेजच नाही. जतन करण्यासाठी तो फ्लॉपीच्या चित्रावर बोट ठेवतो; फ्लॉपी त्याने पाहिलेली नाही. ‘कुशल’ म्हणताना कुश गवत कोणाला आठवत नाही, तशी ही निरूढा लक्षणा झाली आहे. गेल्या सत्रात पदव्युत्तर वर्गाला लक्षणा शिकविताना हे उदाहरण दिले, तेव्हा एका विद्यार्थिनीने ते चित्र दारासारखे दिसते म्हणून सांगितले : वर चौकट, खाली झडप, आत गेले की सुरक्षित.